शेवटचं पान आधी

सगीराआपाशी भांडायचं असेल तर पोटभर खाऊन यावं, असं चेलीपुरा मोहल्ल्यात म्हणतात. ती रांगेत दिसली की रेशनवाला आधी वजनकाटा पुसतो. नळ कोरडा गेला की बायका महापालिकेत जात नाहीत, आपाचं दार वाजवतात. शाळा सातवीपर्यंत, तीही फुलंब्रीच्या मराठी शाळेत. पुढचं सगळं तिनं रद्दीच्या दुकानात उभ्या उभ्या वाचलं. कुणी तिला ‘शिकलेली नाही’ म्हटलं की फणकारते, "शिकवलं नाही म्हण. शिकले मी, माझी मी."

पण दुपारी हीच बाई आवाज खाली घेते. तिच्या ओसरीवर बायका हातमागावरच्या हिमरू शालींच्या काठाला गोंडे बांधायला बसतात. हात गुंतलेले, कान मोकळे. एकीनं पुस्तक वाचायचं आणि तिच्या वाट्याची शाल बाकीच्यांनी मिळून बांधायची, असा तिथला रिवाज. वाचणारी आपाच. मोबाइलवर गोष्टी ऐकून बघितल्या, पण नायकाला शिव्या घालेपर्यंत मोबाइल पुढं निघून जातो. आपा थांबते, एखादी शिवी स्वतःही घालते. जिचं दिवसभर ओरडल्याशिवाय कुणी ऐकत नाही, तिचं इथं कुजबुजलं तरी ऐकतात. ही जागा जाऊ नये म्हणून आपानं काहीही केलं असतं.

दुसरा रिवाज सरूबाईनं आणलेला. सरूबाई पिशोर गावची. नवऱ्यानं दुसरी केली त्या दिवशी बोचकं उचलून शहरात आली ती आलीच. तिचा हुकूम असा की शेवटचं पान आधी वाचायचं. बाईचं बरं झालं असेल तरच पुस्तक सुरू. "वाईट शेवट घरी फुकट मिळतोय," ती म्हणायची, "त्याला पुस्तक कशाला पायजे?"

त्यामुळं ओसरीवर वर्षानुवर्षं राजनंदिनीछाप नायिकाच नांदल्या. नाव बदलायचं, बाई तीच. डोळे हरणाचे, काळीज फुलाचं, आणि कारखान्याच्या मालकानं मनगट धरून ओढलं की राग यायच्या ऐवजी अंगावर शहारा. आपाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "अगं पोलिसात जा की बये!"

"पढो ना आपा," कोपऱ्यातली आमरीन हसायची. कॉलेज सुटलं की ती पोरगी इथंच येऊन बसते. "आगे वो उसकू शाल ओढाता."

मग शहागंजच्या रद्दीत आपाला एक जुनी कादंबरी सापडली. पुठ्ठा गेलेला, लेखकाचं नाव उंदरानं खाल्लेलं. नायिका चतुरा. नवरा घराबाहेर काढतो, तर ही लोकांची दळणं दळते, अक्षरं गिरवते, सासऱ्याला कोर्टात उभं करते. शेवटी नवरा पैठणच्या घाटावर तिला न्यायला येतो. ती नावेत बसते. मागं वळत नाही. पल्याडच्या काठावर वाट बघणारं कुणी नसतं. संपलं.

सरूबाई हे पान पास करणार नाही, हे आपाला पक्कं ठाऊक होतं. आणि चतुरा या बायकांना भेटलीच पाहिजे, हेही तितकंच पक्कं. मग तिनं लबाडी केली. शेवटचं पान उघडलं आणि मनचं वाचलं. चतुरा चुलीपाशी बसलीय, नवरा दारात मान खाली घालून उभा आहे, आणि विचारतोय, "जेवलीस का?"

सरूबाईनं नाक ओढलं. "चालतंय. घ्या हिला."

चतुरा आली आणि ओसरीची झाली. कोर्टाच्या प्रकरणात गोंडे बांधायचे राहिले, शाली तशाच परत गेल्या. फक्त सरूबाई रोज एकच विचारायची, "कधी इचारतो गं त्यो?" आणि आपा घाईनं पुढचं पान उलटायची. शेवटच्या दिवशी रचलेलं पान पुन्हा वाचून टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण एवढ्या खऱ्या बाईला शेवटी खोटं पाडायचं? आपानं घाट वाचला, नाव वाचली, रिकामा काठ वाचला. भराभर, श्वास न घेता. पुस्तक मिटलं.

"आन् ते पान?" सरूबाईनं विचारलं.

"ते नव्हतंच. मी रचलं होतं."

"मला फसवलंस?"

"फसवलं!" आपा उसळली. चूक कबूल करायची तिची रीतच तशी. "बाई एवढी वाघीण, आणि तुला पडलीय ती नवऱ्यानं जेवण विचारायची?"

"वाघिणीला भूक नसती व्हय?" सरूबाईनं शाल बाजूला ठेवली. "त्या मेल्याकडं मी जायची नाय, सोन्याचं ताट दिलं तरी. पर कुणी इचारावं, एवढं बी वाटू नाय का? आन् आपा, तू एवढे मोर्चे काढतीस. शेवट रचायला बसलीस तर तलवार सुचायची व्हती. तुला बी तेच सुचलं की गं."

सरदार, आपाचा नवरा, चांगला माणूस. ट्रकवरून फोन करतो, चार लोकांत तिचं कौतुक करतो. "काम झालं का?" एवढं न चुकता विचारतो. आपाला काय लागतं, आपा खंबीर आहे, असं सगळ्यांनीच धरून चाललेलं. तिनं स्वतःनंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पुस्तक आमरीनच्या हातात आणि शाल आपाच्या मांडीवर. सरूबाईचा निवाडा. आपाचे गोंडे इतके ढिले की शेजारणीनं मुकाट्यानं सोडून पुन्हा बांधले. आमरीननं नवी राजनंदिनी काढली, शेवटचं पान वाचलं, लग्न झालेलं होतं. पास. सुरू. मालकानं पहिल्याच प्रकरणात मनगट धरलं. आज आपाला बोलायचा हक्क नव्हता.

"थांब गं," सरूबाई म्हणाली. "आपली चतुरा असती तर तिनं काय केलं असतं?"

"काट लेती, मौशी."

ओसरी खदखदली. सरूबाई हसली नाही. तिच्या डोक्यात काल दुपारपासून काही तरी अडकलेलं दिसत होतं. "हे ठिव बाजूला. ते जुनं काढ. नावेत बसताना तिच्यापाशी खायला काय व्हतं का, बघ."

आमरीननं पानं उलटली. बोट ठेवून हळूहळू वाचलं, पहाटे उठून चतुरानं दोन भाकरी थापल्या आणि पदरात बांधल्या.

आपाच्या हातातला दोरा सुटला. हे वाक्य तिनं काल सगळ्यांसमोर वाचलं होतं. वाचलं कसलं, पळवलं होतं.

"मंग उपाशी नाय गेली," सरूबाई म्हणाली. मग दोन बोटं वर करून, "दोन कशाला? पल्याड तर कुणी नाय म्हणतीस."

"लिहिलेलं नाही," आमरीन म्हणाली.

सरूबाईनं तिच्या हातातून पुस्तक घेतलं आणि आपाच्या मांडीवरच्या शालीवर टाकलं. "पयल्यापासनं वाच. रचू नको. दुसरी भाकर कुणाची, ते आमचं आमी बघू."

आपानं पहिलं पान उघडलं. शेजारणीनं तिच्या वाट्याची शाल ओढून घेतली.