बगळे हरत गेले तो हंगाम

डोरीन साबोनं लग्नाच्या अडतीस वर्षांत अमेरिकन फुटबॉलची, म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळायच्या त्या खेळाची, एक मॅच धड बघितली नव्हती. रविवारी दुपारी एकला सामना सुरू व्हायचा, आणि पावणेएकला ती कोट अंगावर चढवून बहिणीकडे निघालेली असायची. मागं घरात नवरा एमिल, त्याच्याबरोबर काचेच्या भट्टीवर काम केलेला लेनी बारान्स्की आणि कोपऱ्यावरचा न्हावी क्लॅरेन्स असे तिघं टीव्हीपुढं ठाण मांडायचे. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा बैठकीच्या खोलीत सॉसेजचा आणि बिअरचा वास भरलेला असायचा. तिघांचे चेहरे बघून तिला निकाल कळायचा, आणि बहुतेक वेळा तो एकच असायचा. त्यांच्या गावच्या, टोलेडोच्या टीमचं नाव हेरन्स. गावात सगळे त्यांना बगळेच म्हणत. जिंकले तर लाडानं, हरले तर दात खाऊन.

मग एका मार्च महिन्यात न्हाणीघरात एमिल पडला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. म्हणजे एक शब्द तेवढा उरला, तोही कुठून आला देव जाणे. मंगळवार. पाणी हवं असलं तरी मंगळवार, पाय दुखला तरी मंगळवार. डॉक्टर म्हणाले, "आतलं सगळं शाबूत आहे. बोलता येत नाही एवढंच. त्यांना सगळं कळतं." डोरीननं हे वाक्य जपून ठेवलं. दुकानात, चर्चच्या पायरीवर, फोनवर मुलीशी, कुणीही विचारलं की ती तेच म्हणायची. त्याला सगळं कळतं.

लेनी आणि क्लॅरेन्स आले भेटायला. खुर्चीच्या कडेला बसले, टोप्या हातात फिरवल्या, हवेबद्दल बोलले. चौदा मिनिटांत निघाले. पुढच्या आठवड्यात अकरा मिनिटांत. घर इतकं गप्प झालं की फ्रिजची घरघर बैठकीच्या खोलीत ऐकू येई. डोरीनच्या लक्षात एक गोष्ट आली. टीव्हीवर फुटबॉलची एखादी जुनी मॅच लागली की ही माणसं बोलतात. एमिलही मग त्याच्या मंगळवारला दहा सूर लावतो, आणि ते दोघं त्याला उत्तरं देतात, जणू काही बिघडलंच नाही.

तेव्हा ती ग्रंथालयात गेली आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी फुटबॉलचं पुस्तक घेऊन आली. उन्हाळाभर स्वयंपाकघरात बसून तिनं नियम पाठ केले. सप्टेंबरात पहिल्या सामन्याला तिनं कोट घातला नाही. चिकन पाप्रिकाशचं पातेलं मधे ठेवलं आणि दहाव्या मिनिटाला म्हणाली, "डावीकडचा तो गार्ड दर वेळी उशिरा उठतोय. तो समोरच्यांना अडवणार केव्हा, आणि चेंडू फेकणाऱ्याला वेळ मिळणार कुठून?"

लेनीचा घास तोंडापाशीच थांबला. "डोरीन, तुला गार्ड कुणाला म्हणतात ते माहितीये?"

"मला हेही माहितीये की त्याला तीन वर्षांचा करार दिलाय. डोळे मिटून दिला असणार."

"मंगळवार," एमिल म्हणाला, अगदी पोटातून. क्लॅरेन्स हसत म्हणाला, "बघ, नवरासुद्धा म्हणतोय, बाईचं बरोबर आहे."

असा एक हंगाम पार पडला. बगळे सतरापैकी सात सामने जिंकले. एमिलचं वजन वाढलं. डोरीनला वाटलं, तग धरता येईल.

पुढचा हंगाम मात्र बुडवणारा निघाला.

सुरुवातीला सगळ्यांना आशा होती. कॉर्बिन लेडफर्ड नावाचा नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, आणला होता. लांब हाताचा, शांत डोळ्यांचा पोरगा. तिसऱ्याच सामन्यात दोन आडदांड त्याच्या गुडघ्यावर पडले. पडद्यावर ते पुन्हा पुन्हा दाखवत होते, आणि लेनी ओरडला, "बंद करा रे ते, किती वेळा मोडताय त्याला." पाचव्या सामन्यानंतर कोचला घालवलं. सातव्यानंतर मालकानं सगळ्यात चपळ गडी दुसऱ्या टीमला देऊन टाकला आणि वर्तमानपत्रात सांगितलं, आम्ही उद्यासाठी उभारणी करतोय.

"मी एकवीस वर्षांचा होतो तेव्हापासून हे उद्यासाठीच उभारतायत," लेनी म्हणाला. "माझा उद्या संपत आला."

"मालकाला काय पडलंय? तो फ्लोरिडात राहतो," क्लॅरेन्स म्हणाला. "हरल्यावर त्याला थोडंच आपल्यासारखं सोमवारी लोकांची डोकी भादरायचीत? माझ्या खुर्चीत गिऱ्हाईक बसतं आणि आरशात बघून उसासा टाकतं. मी म्हणतो, बाबा, केस मी कापलेत, मॅच नाही हरलो."

नोव्हेंबर अर्धा सरेपर्यंत एक जिंकलेला आणि नऊ हरलेले. बोलण्यातला दम जायला लागला. आधी भांडणं व्हायची, आता माना हलायच्या. दुसऱ्या सत्रात लेनी घड्याळाकडे बघायचा. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या रविवारी तो आला नाही. फोनवर म्हणाला, रक्तदाब वाढलाय. पुढच्या रविवारी म्हणाला, जावयाकडे जेवायला जायचंय. त्या आठवड्यात डोरीन ब्रेड आणायला गेली तर बेकरीवालीनं सहज सांगितलं, "तुमचे लेनी काय खुशीत आहेत आजकाल. जावयाबरोबर डेट्रॉइटच्या मॅच बघतात म्हणे."

डोरीन ब्रेड तिथंच विसरून बाहेर पडली आणि सरळ लेनीच्या घरी गेली. तो गॅरेजमध्ये बर्फ ढकलायच्या यंत्राचा पट्टा बदलत होता. तिला बघून उठला नाही.

"डेट्रॉइट," ती म्हणाली.

"ते जिंकतात, डोरीन. माणसाला म्हातारपणी एकदा तरी जिंकणारं काहीतरी बघू दे."

"मी तुला बगळ्यांसाठी बोलवत नाहीये."

"माहितीये. म्हणूनच येववत नाही." त्यानं पाना खाली ठेवला. हात पुसायला फडकं शोधलं, सापडलं नाही, मग पँटलाच पुसले. "मॅच चांगली असली ना, की टीव्हीकडे बघता येतं. आता पहिल्या अर्ध्या तासातच निकाल लागतो. मग मी बघू कुठं? त्याच्याकडे बघावं लागतं. तेहेतीस वर्षं या माणसानं भट्टीपुढं माझ्या शेजारी उभं राहून मला हसवलंय. मला तो मंगळवार ऐकवत नाही गं."

"त्याला सगळं कळतं, लेनी. तू येत नाहीस हेही कळतं."

लेनीनं पाना पुन्हा उचलला. "ते तर आणखी वाईट," तो म्हणाला.

डोरीन चालत घरी आली. रडली नाही. एमिलच्या अंगावरची शाल नीट करून तिनं त्याला सांगितलं की लेनीचा रक्तदाब अजून उतरलेला नाही.

क्लॅरेन्स मात्र येत राहिला. डिसेंबरभर ते दोघंच बोलायचे, एमिलच्या डोक्यावरून. आता बोलण्याचा विषयही बदलला होता. हंगाम संपला की सगळ्यात खाली असलेल्या टीमला कॉलेजातनं येणाऱ्या नव्या पोरांमधून पहिली निवड करायला मिळते. त्या वर्षी टेक्सासातला एक क्वार्टरबॅक येणार होता. असा पोरगा दहा वर्षांत एकदा निघतो, असं सगळे म्हणत. बगळ्यांचा एक विजय होता आणि आणखी एका टीमचाही एकच. शेवटचा सामना हरले तर पोरगा आपला. जिंकले तर दुसऱ्यांचा.

"म्हणजे आता हरण्यासाठी प्रार्थना करायची," डोरीन म्हणाली.

"निदान या एका कामात तरी आपली टीम पटाईत आहे," क्लॅरेन्स म्हणाला.

जानेवारीतला पहिला रविवार. नदीवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. डोरीननं कोबीचे रोल केले होते, तिघांपुरतेच. शेवटचा सामना सुरू झाला आणि बगळे, जे चार महिने धड उभे राहात नव्हते, ते खेळायला लागले. समोरच्या टीमनं पुढच्या फेरीसाठी आपले चांगले गडी बसवून ठेवले होते, हे एक. पण कुणास ठाऊक, पोरांना घरी जायच्या आधी एकदा लाज राखावीशी वाटली असेल. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा ते फक्त एका गुणानं मागं होते. एकोणीस-वीस.

"चेंडू पाड," क्लॅरेन्स पुटपुटला. "पाड रे बाबा, एरवी पाडतोस की."

त्यानं पाडला नाही. चार सेकंद उरलेले असताना एक्कावन्न यार्डांवरून लाथ मारायला एक पोरगा पुढं आला. हंगामभरात त्याच्या अर्ध्या लाथा वाया गेल्या होत्या. चेंडू वर गेला, वाऱ्यानं थोडा कलला, आणि दोन खांबांच्या बरोबर मधून पार झाला. तीन गुण. बावीस-वीस.

क्लॅरेन्सनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "संपलं," तो म्हणाला. "गेला पोरगा."

डोरीननं एमिलकडे बघितलं. तिला वाटलं होतं, तो डाव्या मुठीनं खुर्चीचा हात बडवत असेल. बडवत होता खरा, पण आनंदानं. चेहरा उजळला होता, वाकड्या ओठातून लाळ गळत होती, आणि तो म्हणत होता, मंगळवार, मंगळवार, मंगळवार. तो पडल्यापासून असा सूर तिनं ऐकला नव्हता.

चोवीस वर्षांपूर्वी बगळ्यांनी असाच एक शेवटचा सामना फुकट जिंकून पहिली निवड घालवली होती. तेव्हा एमिल दोन दिवस कुणाशी धड बोलला नव्हता, आणि डोरीन बहिणीला म्हणाली होती, जिंकल्यावर तोंड पाडून बसणारा नवरा माझ्याच वाट्याला यायचा होता. तिला तेव्हा कारण कळलं नव्हतं. आता कळत होतं. आता तिला कळत होतं आणि त्याला नाही.

"एमिल," ती त्याच्यापुढं वाकून म्हणाली, "जिंकले म्हणजे काय झालं? टेक्सासचा पोरगा गेला ना? आपण महिनाभर बोलतोय ना त्याच्याबद्दल?"

त्यानं मान डोलावली, हसला, आणि डावा हात दाराकडे केला. पुन्हा केला. मोठा सामना जिंकला की दाराबाहेर टीमचा झेंडा लावायची त्याची रीत होती. तो झेंडा मागत होता.

"डोरीन," क्लॅरेन्स हळूच म्हणाला, "खूश आहे तो. राहू दे."

"त्याला कळलं नाही, क्लॅरेन्स."

"मला केव्हापासून वाटत होतं," क्लॅरेन्स म्हणाला, आणि मग आपण बोलायला नको होतं असं वाटून कोबीच्या रोलच्या ताटलीकडे बघत बसला.

तिनं कपाटातनं झेंडा काढला. पायऱ्यांवर बर्फ होता, हातमोजे घालायचं राहिलं होतं. लोखंडी नळीत दांडा बसवताना बोटं चिकटत होती. रस्त्यानं जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानं काच खाली करून विचारलं, "बाई, आज झेंडा? आज तर वाट लागली आपली."

"माहितीये," ती म्हणाली.

काच वर गेली. ती तिथंच उभी राहिली, खिडकीतून एमिलला झेंडा दिसतोय की नाही ते बघत. दिसत होता. तो हात हलवत होता.

नंतर तपासण्या झाल्या. पहिल्या मोठ्या झटक्यानंतर लहान लहान झटके येत असणार, असं नवे डॉक्टर म्हणाले. रात्रीत येतात, घरच्यांना समजत नाहीत. केव्हापासून, हे त्यांना सांगता येईना. डोरीनला ते हवं होतं. कोणत्या रविवारपर्यंत तो तिचं बोलणं ऐकत होता, एवढं तरी कुणीतरी सांगावं. एप्रिलमध्ये टेक्सासचा पोरगा दुसऱ्यांनी नेला. जूनमध्ये एमिल गॅस पेटवून काठी टेकत बाहेर निघून गेला, आणि जुलैमध्ये मुलगी आल्यावर दोघींनी त्याला नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात ठेवलं.

सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी डोरीनच्या गाडीची बॅटरी उतरली. तिनं क्लॅरेन्सला फोन लावला, तो लागला नाही. मग लेनीला लावला. तो दहा मिनिटांत आला. नदी ओलांडून दोघं शुश्रूषागृहाशी पोचले. दाराशी गाडी थांबवून तो म्हणाला, "मी इथंच बसतो."

"बस."

वर मोठ्या खोलीत टीव्हीवर कुणीतरी केक कसा करायचा ते दाखवत होतं. सहा-सात म्हाताऱ्या माणसांत एमिल बसला होता, पाठ टीव्हीकडे करून. एक वाजून गेला होता. परिचारिकेनं विचारलं, चॅनल बदलू का? डोरीननं एमिलकडे बघितलं आणि नको म्हणाली. मग खुर्ची ओढून तिनं त्याला नव्या कोचबद्दल सांगितलं, डावीकडचा गार्ड शेवटी काढला ते सांगितलं. तो तिच्या कोटाच्या बटणाशी खेळत राहिला. तो एकही शब्द बोलला नाही. मंगळवारसुद्धा नाही.

तासाभरानं ती खाली आली. लेनीच्या गाडीत रेडिओवर सामना चालू होता. दार लावून ती बसली तरी त्यानं गाडी सुरू केली नाही.

"किती झाले?" तिनं विचारलं.

"सतरा-शून्य."

"कुणाचे सतरा?"

लेनीनं तिच्याकडे बघितलंच नाही. "कुणाचे असणार?"

तिनं काच थोडी खाली केली. नदीकडून वारा येत होता. लेनीनं आवाज वाढवला, आणि सामना संपेपर्यंत दोघं त्या थांबलेल्या गाडीत ऐकत बसले.