मूळ देश: महाराष्ट्र

मालाच्या 'मूळ देश' या रकान्यात मी 'महाराष्ट्र' लिहिलं. अक्षर सुवाच्य होतं आणि लिहिल्यावर ते मी दोनदा कौतुकाने वाचलंही.

तेव्हा मी जयपूरला, आदर्श नगरातल्या बँकेत परदेशी व्यवहारांचं टेबल सांभाळत होतो. श्रीलंकेशी मुक्त व्यापाराचा करार नुकताच लागू झाला होता. तो मला विचारूनच केला असावा, अशा थाटात मी येईल त्याला समजावून सांगायचो. आमचे एक खातेदार जयपूरलगतच्या सांगानेरचे छपाईवाले होते. साठी ओलांडलेली, बोटं कायमची निळी. सगळे त्यांना बाबूजी म्हणत. लाकडी ठशांनी छापलेल्या त्यांच्या चादरी वर्षानुवर्षं दिल्लीचा दलाल उचलायचा. पुढे त्या कुठे जातात, हे त्यांना ठाऊकही नसायचं. आता कोलंबोच्या एका दुकानदाराने पहिल्यांदाच थेट माल मागवला होता. तोवर तो तिसऱ्याच देशातून यंत्रावर छापलेल्या चादरी आणायचा. करारातली जकातीची सवलत मिळाली तरच बाबूजींची चादर त्याला परवडणार होती आणि सवलतीसाठी माल भारतातलाच असल्याचा दाखला लागत होता. फॉर्म इंग्रजीत. मी म्हटलं, "मैं हूँ ना, बाबूजी."

मूळ देशाच्या रकान्याशी आल्यावर उगाच विचारलं, "माल का मुल्क?"

"छपाई हमारी, साब. कोरा कपड़ा इचलकरंजी का."

इचलकरंजी! माझं गाव तिथून बसने अर्ध्या तासावर, हे मी बाबूजींना लगेच सांगूनही टाकलं. जयपुरातल्याच तिलक नगरच्या आमच्या घरात मुलं माझ्याशीही "बाबा, मतलब" असं सुरू करून पुढचं सगळं हिंदीत बोलायची, आणि इथे सांगानेरचा माणूस माझ्या शेजारच्या गावाचं नाव घेत होता. आमच्याकडे मुलूख म्हणजे काही देश नव्हे. आपण जिथले, तो मुलूख. हात आपसूक लिहून गेला. असे दाखले देणाऱ्या झालान्याच्या सरकारी कचेरीत त्यावर शिक्काही बसला.

तीनेक आठवड्यांनी कोलंबोहून निरोप आला. महाराष्ट्र नावाचा देश करारात नाही, असं तिथले जकातवाले म्हणत होते. सवलत नाही. दुकानदाराने आठ दिवस थांबायची तयारी दाखवली होती. नंतर माल परत पाठवून तो आपल्या जुन्या चादरींकडे वळणार होता.

मी स्कूटरवरून सांगानेर गाठलं. बाबूजी उन्हात कापड वाळत घालत होते. सगळं ऐकून घेतलं, मग चिमटा लावता लावता थांबले.

"महाराष्ट्र अलग देश हो गया क्या, साब?"

थट्टा नव्हती ती. खरंच विचारत होते.

"नहीं, बाबूजी. गलती मेरी है."

"फिर ठीक है. मैं समझा, आपका घर पराया हो गया."

त्यांची पहिली थेट मागणी माझ्या हाताने बुडायला निघाली होती आणि त्यांना काळजी माझ्या घराची. मी चादरीचं दुसरं टोक धरून उभा राहिलो.

दोन दिवस रजा टाकली. झालान्याला जाऊन चूक माझीच असल्याचं लिहून दिलं, दुरुस्त दाखला घेतला आणि कुरिअरने पाठवला. सातव्या दिवशी माल सुटला.

महिन्याभरात त्याच दुकानदाराची दुसरी मागणी आली, पहिलीपेक्षा मोठी. दोन देशांतला करार चादरीला कुठून कुठे नेतो, ते मला तेव्हा कळलं. तोवर मी ते फक्त इतरांना समजावत होतो. आनंदाने कोरा फॉर्म घेऊन मी सांगानेरला गेलो, ओसरीवर बसलो आणि पेन उघडलं. बाबूजींनी ते हळूच माझ्या हातातून काढून घेतलं, फॉर्मही घेतला आणि दोन्ही आतून आलेल्या सुनेच्या हाती दिलं.

"साब, आप बस बैठो," ते म्हणाले. "भूगोल बहू का अच्छा है."