पक्षी, रोडगे आणि होणारे जावई

मला पक्षी दोनच ओळखता येतात, कावळा आणि कोंबडी. त्यातली कोंबडी मुख्यतः ताटात.

हे बाबांना चांगलं ठाऊक होतं. तरीही ऐंशी सालच्या आसपास माझ्या बहिणीला, मंदाला, नागपूरच्या प्राध्यापकाचं स्थळ आलं, मुलाला पक्ष्यांचा आणि फुलपाखरांचा नाद आहे असं कळलं, आणि बाबा बेधडक बोलून गेले, "आमच्या थोरल्यालेही तोच नाद!" (मला नाद होते, पण मुलाकडच्यांना सांगण्यासारखे नव्हते.) मंदाला आधी पाहून गेलेले सगळे "कळवतो" म्हणून कायमचे गप्प झाले होते. त्यामुळे बाबांनी मला बजावलं, "हे स्थळ गेलं त घरात पाय ठेवजो नको."

ठरलं ते असं. मुलगा, म्हणजे विलासराव, सकाळी वर्ध्याला उतरणार, मी त्यांना बोर धरणाच्या जंगलात दुर्मिळ पक्षी दाखवणार आणि संध्याकाळी पाहण्याचा कार्यक्रम. माझं अज्ञान एकट्याने झाकण्याजोगं नव्हतं, म्हणून दोन मित्र सोबत घेतले. बबनकडे जीप होती. सुधाकरकडे आत्मविश्वास होता.

आता आमच्याकडे झाडाखाली जायचं म्हटलं की रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, आलेच. देवदर्शन असो, धरण असो, निवडणुकीची सभा असो, गोवऱ्या पेटल्याशिवाय आपण घराबाहेर पडलो असं कोणाला वाटतच नाही. जीपमध्ये गोवऱ्यांचं पोतं, कणीक, वांगी, तुपाचा डबा आणि चौघांना पुरेल अशी सतरंजी. गळ्यात दुर्बीण घातलेल्या विलासरावांनी पोत्याबद्दल नम्रपणे विचारलं. "पक्षी नाई दिसले त दिवस फुकट नको जायले," बबन म्हणाला.

जंगलात विलासराव मांजराच्या पावलांनी चालत होते. आम्ही मागून बैलाच्या. एक निळंशार फुलपाखरू दिसलं तेव्हा त्यांनी कुजबुजत विचारलं, इकडे याला काय म्हणतात? सुधाकरने अभ्यासू चेहऱ्याने सांगितलं, "फुलपाखरू." पुढे पिवळं दिसलं. "हे बी तेच."

आणि मग एका मोठ्या झाडावर पांढऱ्या फितीसारखी लांब शेपटी हलली. स्वर्गीय नर्तक! विलासरावांनी श्वास रोखून दुर्बीण लावली. नेमक्या त्याच झाडाखाली सावली दाट आणि जमीन सपाट असल्यामुळे बबनने गोवऱ्या पेटवल्या. धूर वर गेला, पक्षी उडाला.

"धुराने पक्षी जातात हो," विलासराव कळवळून म्हणाले.

"रोडगे शेकले का येतीन वापस," बबन म्हणाला.

पक्षी आले नाहीत. आग्या मोहोळ आलं. वर पाहायलाच आलेली चार माणसं, आणि त्याच झाडाला लटकलेलं सुपाएवढं पोळं एकालाही दिसलं नव्हतं! बबन आणि सुधाकर जीपमध्ये शिरून पडदे लावून बसले. मी सतरंजीत शिरलो.

आता जे सांगतो ते मी आजवर तोंडाने कबूल केलेलं नाही. बाहेरून विलासरावांचा आवाज आला, "अहो, मला आत घ्या!"

आतून मी म्हणालो, "जागा नाही."

वर पाण्याकडे पळण्याचा सल्लाही दिला.

संध्याकाळी डॉक्टरांचं इंजेक्शन घेऊन विलासराव आमच्या बैठकीत बसले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन फटी उरल्या होत्या. पाहुण्यांनाच तेवढ्या माश्या कशा चावल्या, असं बाबांनी विचारलं. ते जरा पुढे गेले होते, असं मी सांगितलं. विलासराव यावर चकार शब्द बोलले नाहीत. मंदा पोहे ठेवून बसली. मध्यस्थ मामांनी घसा खाकरून विचारलं, कशी वाटली मुलगी?

"खरं सांगू? मला काहीच दिसत नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रात्री बबनच्या ओसरीवर झोपता येईल का, याचा मी विचार करू लागलो.

पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीने जमिनीकडे बघायचं आणि मुलाने मुलीकडे. त्या दिवशी प्रथमच उलटं झालं होतं. मंदा त्या सुजलेल्या चेहऱ्याकडे खुशाल, पोटभर पाहत होती. बबनने स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून तिला सगळं सांगून टाकलं होतं, माझ्या "जागा नाही"सकट.

"मले मुलगा दिसला," ती म्हणाली. "इतका सुजला तरी यायनं दादाचं नाव नाई घेतलं. मले पसंत आहे."

विलासराव हसले असावेत. चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

लग्नात कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं, आणि नवरदेवाने त्याला आहेर करायचा. मी हात पुढे केला. त्याआधीच विलासरावांनी माझा कान पकडला आणि सावकाश, प्राध्यापकाच्या चिकाटीने, मुळापासून पिळला. मांडव खो खो हसला. सगळ्यात मोठ्याने नवरी.

 रिवाज मोडायला नको म्हणून आहेराचा शर्टपीसही मीच दिला.