मामांचे चॅम्पियन

जगातल्या ऑलिंपिक जलतरणपटूंनी शहाणपणाची जी काही वाक्यं उच्चारली, ती आधी माझ्या चुलत सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या, कानावर घालूनच उच्चारली असावीत, अशी माझी खात्री आहे. उंब्रजजवळच्या त्यांच्या गावात कुणाचं काहीही अडो, मामांकडे एखादा चॅम्पियन तयार असायचा. म्हैस व्यायला अडली की अमेरिकेचा चॅम्पियन म्हणायचा, 'घाई केली की दम जातो.' उसाला पाणी पाजताना बांध फुटला की जपानचा म्हणायचा, 'पान्याशी भांडू नगंस गड्या, त्याला वाट दे.' सातासमुद्रापलीकडचे हे वीर बोलायचे मात्र थेट कराडच्या बाजारातल्यासारखे! त्या वेळी नुकत्याच संपलेल्या महायुद्धात पायाला गोळी लागून मामा परदेशी इस्पितळात पडले होते, तेव्हा शेजारच्या खाटेवर पोहण्याचं वेड असलेला एक गोरा सोल्जर होता. तो वर्तमानपत्रांतून चॅम्पियनांची वचनं वाचून दाखवायचा. मामांचं इंग्रजी पलटणीतल्या हुकमांपुरतं. मी एकदा विचारलं, "मामा, खरंच असं म्हणाला का तो?" मामा शांतपणे म्हणाले, "म्हनला आसंल की. पान्यात उतरल्याला मानूस दुसरं काय म्हननार?"

माझी या वीरांशी गाठ पडली ती माझ्या जिभेमुळं. मी वडूजचा. आमच्याकडे बुडायचं म्हटलं तरी आधी पाणी शोधावं लागतं. तरीही लग्नाच्या बैठकीत कुणीतरी "पोहायला येतं का?" असं विचारलं, तेव्हा मी "म्हणजे काय!" असं ठोकून दिलं. मुलगी पसंत होती आणि दाराआडून ऐकत होती. लग्नानंतर कळलं, की प्रश्न सहज विचारलेला नव्हता. पहिल्या दिवाळसणाला जावयानं कृष्णा पोहून पलीकडच्या महादेवाला नारळ वाहायचा, आणि अख्ख्या गावानं घाटावर बसून बघायचं, अशी तिथली रीत. (परत येताना नाव चालते, एवढी गावाची दया.) मागं एक जावई जातानाही नावेत बसला, तर त्याच्या बायकोला माहेरी अजून 'नाववाल्याची' म्हणतात. माझ्या बायकोनं मला एवढंच विचारलं, "जमंल न्हवं?"

मी जाऊन मामांचे पाय धरले. दसऱ्यापासून त्यांनी कुणाला पत्ता लागू न देता मला मळ्यातल्या विहिरीवर घेतलं. पाठीला सुका भोपळा बांधून शिकायचं, म्हणजे माणूस तरंगतो. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा करून तो स्वतःच्या हातानं बांधला. उडी मारताच भोपळा घसरत गुडघ्यांपर्यंत गेला, आणि पाय आभाळाकडे, डोकं तळाकडे अशा थाटात मी लोंबकळू लागलो. मामांनी केसाला धरून वर काढलं. जमिनीवर ते मला अदबीनं "पावनं" म्हणायचे, पाण्यात मात्र नातं विसरायचे. "लेका, हंगेरीचा चॅम्पियन काय म्हनतो ठावं हाय का? म्हनतो, आदी डोस्कं वर ठेव, पदकाचं मागनं बगू!"

दिवाळीपर्यंत भोपळा सुटला. विहिरीत चार हात मारून मी स्वतःलाच ऑलिंपिकला पाठवू लागलो. पाडव्याला कमरेला नारळ बांधून कृष्णेत उतरलो, सोबतीला मामा. पण विहिरीत थकलं की कडा धरता येते, नदीच्या मध्यावर काय धरायचं? हात जड झाले. पलीकडचा काठ जवळ यायचं नावच घेईना. नाकातोंडात पाणी जायला लागलं तसा मी ओरडलो, "मामा, आता कोण काय म्हणतो?"

मामांनी वळून माझं तोंड बघितलं. "कोन काय बी म्हनत न्हाई. मी म्हनतो, माज्या खांद्याला धर."

मी पाण्याखालून खांदा धरला. घाटावरून दोन डोकी जोडीनं जाताना दिसत असणार, एवढंच. त्या अधू पायानं त्यांनी दोघांचं ओझं ओढलं. काठ जवळ आल्यावर खांदा हलकेच सोडवून घेतला. "जा आता म्होरं. उथळ हाय."

नारळ वाहून देवळाबाहेर आलो, तर मामा ओल्या खडकावर बसून धापा टाकत होते. ओठ निळे पडले होते. हा माणूस दमू शकतो, हे तोवर माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मी त्यांची पाठ चोळायला लागलो, तसा त्यांनी माझा हात बाजूला केला.

"आवं पावनं, माजं ऱ्हाऊ द्या. तिकडं हात वर करा. पोरगी बगतीया."

मी हात वर केला. पलीकडं घाटावर एकच गलका उठला. मामा मान खाली घालून पाय चोळत राहिले, आणि तो सगळा गलका त्यांनी माझ्या एकट्याच्या नावावर जाऊ दिला.