चाळिसाव्या मिनिटाला थांबलेली कॅसेट

वर्ना मिहालिक रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची आणि सोमवारी दुकान उघडून लोकांच्या हाती गळे चिरणारे सिनेमे द्यायची. यात कुणाला वावगं वाटत असेलही, पण ते तिच्या तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती. काचेच्या कारखान्यात बावीस वर्षं तिनं बरण्या उजेडासमोर धरून तडे शोधले होते. कारखाना बंद पडला, त्याच वर्षी नवरा गेला, आणि तिनं कॅल्डर्स फेरी गावाच्या मुख्य रस्त्यावर व्हिडिओ कॅसेटचं दुकान टाकलं. मागच्या भिंतीवर फक्त खुन्यांचे सिनेमे. त्यातला एकही तिनं स्वतः पाहिल्याशिवाय तिथं लावला नव्हता.

"मिहालिकबाई, काहीतरी भयानक द्या," म्हणत हायस्कूलची पोरं यायची.

"वसतिगृहातला बघितलास?"

"बघितला."

"लाकूडगिरणीतला?"

"तीनदा."

"बरं, म्हणजे पाया पक्का आहे. आता खालच्या फळीवरचा बर्फाच्या कारखान्यातला घे. त्याला कुणी विचारत नाही. खुनी दिसायच्या आधी त्याचे वाळत घातलेले हातमोजे दिसतात. तिथंच तुझी बोबडी वळेल."

"मी नाही घाबरत."

"म्हणून कॅसेट परत करायला आईला पाठवतोस का रे?"

रक्त किती सांडतं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. पहिल्या दहा मिनिटांत घराला दारं किती आहेत हे ज्यात कळतं, तो तिच्या लेखी चांगला सिनेमा. "जी पोरगी दारं मोजते ती वाचते," ती सांगायची. "बेल वाजली की धावत जाऊन दार उघडते, तिचं काही खरं नाही."

लोक कॅसेट उलटी गुंडाळून, सुरुवातीला आणून परत करत नसत. त्यांच्या नावानं खडे फोडत वर्नाच ते करायची. पण कॅसेट कुठे थांबली आहे यावरून तिला घराघरातलं कळायचं. कोण झोपलं, कोण घाबरून उठलं, कुठल्या जोडप्याचं सिनेमाकडे लक्षच नव्हतं.

लिनेट प्रुएटच्या कॅसेटचं मात्र वेगळंच होतं. ही तिशीतली बाई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ती एकच मागायची, "शेवटी पोरगी वाचते असा द्या." आणि सिनेमा कुठलाही असो, तिची कॅसेट चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास थांबलेली यायची. पाचव्या वेळी वर्नानं हिशेब मांडला. शाळेचं स्वयंपाकघर अडीचला सुटतं. लिनेटचा नवरा गार्लंड सिमेंटच्या वखारीत काम करतो, त्याची गाडी सव्वातीनला दारात लागते. ही बाई गाडीचा आवाज आला की कॅसेट काढून लपवत होती.

त्यानंतर लिनेट आली तेव्हा तिच्या अंगठ्याचं नख काळंनिळं होतं.

"दारात सापडलं," ती म्हणाली.

"दारात की दारानं?" वर्नानं विचारलं. तडे ओळखायची तिची नजर अजून गेली नव्हती. "पोलिसांकडे गेली होतीस?"

"गेले होते. साहेब घरी आले, गार्लंडबरोबर कॉफी प्यायले, मासे कुठे गळाला लागतात ते बोलले आणि गेले."

वर्नाला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. तिनं फळीवरचा सिनेमा उचलला, आत जाऊन तो अर्ध्यापर्यंत पुढे पळवला आणि आणून दिला. "पहिल्यापासून लावू नकोस. आहे तिथून बघ."

तेव्हापासून लिनेटला शेवट दिसायला लागले. सहा आठवड्यांत सहा. परत करायला यायची तेव्हा हळूच सांगायची, "ही मागच्या दारानं गेली. बूट घालायलासुद्धा थांबली नाही."

ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी ती साडेबाराला आली, हातात लहानशी बॅग. "आज सिनेमा नको. एक वाजून दहाची बस पकडतेय. पिट्सबर्गला बदलायची, मग बहिणीकडे, ईरीला. तिनं किल्ली शाळेच्या पत्त्यावर पाठवलीय. ती सातला कामावरून येते." मग तिनं बहिणीचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवला. "लागला तर असू दे."

पावणेचारला गार्लंड आला. दाढी गुळगुळीत, टोपी हातात. त्यानं लिनेटचं सभासदपत्र काउंटरवर ठेवलं.

"हे गादीखाली सापडलं, मॅडम. बायको इकडे आली होती का?"

"आज नाही," वर्ना म्हणाली.

"काय बघते ती?"

"शेवट गोड असलेलं."

"मग मलाही काहीतरी सुचवा ना. ती येईपर्यंत बघत बसतो."

वर्नानं आयुष्यात कुणाला वाईट सिनेमा दिला नव्हता. त्या दिवशी तिनं दुकानातला सगळ्यात लांबलचक, सगळ्यात रटाळ सिनेमा काढला. दोन तास दहा मिनिटं. बस अजून वाटेत होती.

"शेवट बघितल्याशिवाय उठू नका," ती म्हणाली. "सगळी गंमत शेवटी आहे."

"मी घेतलेली वस्तू नेहमी जशीच्या तशी परत करतो, मॅडम," तो हसून म्हणाला. "गुंडाळून, सुरुवातीला आणून."

सव्वाचारला, कॅसेट परत टाकायला दारात ठेवलेल्या फटीतून ती आत पडली. वर्नानं बाहेर पाहिलं, तोवर त्याची गाडी कोपऱ्यावरून हायवेकडे वळत होती. तिनं कॅसेट यंत्रात घातली. अकराव्या मिनिटाला थांबलेली. गुंडाळलेली नव्हती.

ईरी गाडीनं दोन तासांवर. लिनेटला बहीण एकच होती, हे त्यालाही ठाऊक होतं.

तिनं आधी ईरीच्या पोलिसांना फोन केला. घरगुती भांडण असेल, गाडी मोकळी झाली की पाठवतो, असं उत्तर आलं. मग बहिणीच्या घरी. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. गिऱ्हाइकं आली, ताटकळली, गेली. सव्वासहाला एकदाचा उचलला गेला.

"मी आत्ताच आले," लिनेट धापा टाकत म्हणाली. "दुसरी बस उशिरा सुटली. मिहालिकबाई, मी पोचले!"

"तो निघालाय. दोन तास झाले." वर्ना म्हणाली. "त्या घराला दारं किती?"

"काय?"

"दारं, लिनेट!"

"दोन."

तेवढ्यात बेल वाजली. वर्नालाही ती स्पष्ट ऐकू आली.

"ताई लवकर आली वाटतं," लिनेट पुटपुटली.

"तिच्याकडे किल्ली आहे ना?"

 मग रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि भराभर दूर जाणारी अनवाणी पावलं. पुढच्या दाराकडे की मागच्या, हे फोनवरून कळत नव्हतं.

बेल पुन्हा वाजली. वर्नानं रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला. बेल वाजतेय तोवर दार उघडलेलं नाही.

"वाजू दे," ती रिकाम्या दुकानात मोठ्यानं म्हणाली. "देवा, वाजत राहू दे."