शेंगदाणेवाल्याचं पुस्तक

बँकेच्या परीक्षेला आठ दिवस उरले असताना सोलापूरच्या एसटी स्टँडवरच्या शेंगदाणेवाल्याकडे मला सामान्यज्ञानाचं जाडजूड पुस्तक दिसलं. रद्दीतलं होतं. तो एक पान फाडायचा, उभ्याउभ्या दोन्ही बाजू वाचायचा आणि मगच त्याची पुडी वळायचा. तोवर गिऱ्हाईक ताटकळायचं. मी पुस्तक विकत मागितलं, तर म्हणाला, "माजं वाचून व्हायचंय की अजून."

मग मी रोज चार पुड्या घेतल्या आणि दाणे खात ज्वालामुखी, मोगल, ग्रहणं पाठ केली.

परीक्षेत नेमक्या नद्या आल्या. पेपर देऊन परतलो, तेव्हा तो नवं पान वाचत होता.

"आजपास्नं नद्या लागल्या बगा," तो म्हणाला. "लई हायत."

मी नेहमीच्या चार पुड्या घेतल्या.