बिनलायटीची पेटी

आमच्या घरात ठरलेला पगार असा कधी आलाच नाही. मंगळवेढ्याकडची कोरडवाहू जमीन भावांवर सोपवून वडील सोलापुरात आले आणि टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभे राहिले. जेवढं कापड निघेल तेवढी मजुरी. सूत आलं नाही की माग बंद, आणि माग बंद की आमची आमटी पातळ. आई घरी शिलाई मशिनवर टॉवेलच्या कडा शिवायची, तीही नगावर. आजारी पडायची सोय दोघांनाही नव्हती. पत्र्याच्या दोन खोल्या, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे माग. त्या खडखडाटात मी अभ्यास केला आणि बी.एस्सी. कॉम्प्युटर झाले. आईकडच्या आणि वडिलांकडच्या, दोन्ही घरांत कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

पण पदवी कॉम्प्युटरची आणि घरात कॉम्प्युटर नाही, अशी गत होती. कॉलेजची लॅब सुटली आणि माझा हात थांबला. टॉवेल-चादरींची डिझाइनं काढायचा कोर्स मी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर केला, तिला नको असेल त्या वेळात.

मग वडिलांच्या ओळखीतून एका कारखान्याच्या मालकांनी बोलावलं. त्यांचा डिझाइन करणारा माणूस पुण्याला गेला होता. ते म्हणाले, "घरून करा, पण मशीन तुमचं. पहिली दोन डिझाइनं बघतो. कापडावर नीट उतरली तर महिन्याच्या पगारावर कायम करतो. नाही उतरली तर तुम्ही मोकळ्या, मी मोकळा."

चांगला लॅपटॉप आवाक्याबाहेर होता. परवडणाऱ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर मान जरा हलवली की लालाचा गुलाबी व्हायचा. तेव्हा सुटे भाग घेऊन डेस्कटॉप जोडायचं ठरवलं. आईची भिशी लागली होती, आणि मामानं दोन बोकडं विकून हातभार लावला. मामा गावाकडे शेळ्या-मेंढ्या राखतो. बोकडं त्याची, म्हटल्यावर दुकानात तो येणारच होता. वडीलही आले.

दुकानात शिरल्या शिरल्या मामाची नजर कॉम्प्युटरच्या एका काचेच्या पेटीवर, म्हणजे कॅबिनेटवर गेली. आत लाल, हिरवे, निळे दिवे फिरत होते.

"ही घी की पोरी! लई झ्याक हाय. देवाजवळ ठिवली तरी शोभंल."

"मामा, मला टॉवेल काढायचाय. गणपतीची आरास नाही करायची."

"आता शिकली म्हणून मामाला बोलती बग. दाजी, तुमी तरी सांगा."

वडील म्हणाले, "पावणं, लायटीनं नक्षी निघत असती तर मी मागाला लावल्या असत्या की."

दुकानदार हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, डिझाइनचं काम आहे तर ग्राफिक कार्ड लागणारच."

मी नाही म्हणाले. मला खेळ खेळायचे नव्हते, सिनेमे जोडायचे नव्हते. टॉवेलच्या नक्षीला प्रोसेसरमध्येच असतं तेवढं ग्राफिक पुरतं, हे मी कोर्समध्ये बघितलं होतं. वाचलेले पैसे मी मॉनिटरवर लावले. रंग खरे दिसायला हवेत. स्क्रीनवर मरून दिसला आणि कापडावर तपकिरी उतरला, तर सूतही फुकट आणि मीही. रॅमची एकच पट्टी घेतली, दुसरीची जागा मोकळी ठेवली; पुढं लागली तर घालता येईल. मोठ्या हार्ड डिस्कऐवजी लहानशी पण वेगवान एसएसडी. कीबोर्ड-माउस दुकानात सगळ्यात साधे होते ते.

दोन गोष्टींत मात्र हात आखडला नाही. एक, आतला वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस. दुसरी, यूपीएस. आमच्या गल्लीत सकाळी सगळे माग एकदम सुरू झाले की घरातला बल्ब डोळे मिटल्यासारखा होतो. तिथं स्वस्तातला डबा लावणं म्हणजे सगळंच पाण्यात घालणं. कॅबिनेट घेतलं काळं, साधं, पुढं जाळी असलेलं. आमच्याकडे हवेत सुताची बारीक लव कायम उडत असते. जाळी असली म्हणजे ती वरचेवर झाडता येते.

रिक्षात मामा ते खोकं मांडीवर घेऊन बसला आणि घरापर्यंत एकच बोलत राहिला, "बिनलायटीची पेटी. म्हंजी बोकडं गेली ती गेलीच."

घरी आईनं पेटीला हळदी-कुंकू लावलं, नारळ फोडला, तोही उंबऱ्याबाहेर, पाणी उडू नये म्हणून. मालकांना दोन्ही डिझाइनं पुढच्या सोमवारी हवी होती. एक मोराच्या पिसाचं, एक साधी चौकडी. मी कामाला लागले. जोडलेलं यंत्र माझं, निवडलेलं मी, सुरू होताना पंखा गुरगुरला तरी मला बरं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी मोराचं पीस अर्ध्यावर असताना कॉम्प्युटर फटकन बंद पडला. वीज होती, यूपीएसचा दिवा जळत होता. थोड्या वेळानं सुरू केला. चालला, परत बंद. दुसऱ्या दिवशीही तेच. एप्रिलचं ऊन, वर पत्रा, आणि सोमवार जवळ आलेला. मला वाटलं, काहीतरी चुकीचं घेतलं. सगळ्यांशी वाद घालून घेतलं, आणि चुकीचं घेतलं.

मामाचा फोन आलाच. "सांगत हुतो का न्हाय? लायटीची घ्याची हुती."

शनिवारी मी पेटी रिक्षात घालून दुकानात नेली. दुकानदारानं ती उघडली, सगळ्या वायरी दाबून बघितल्या, तासभर चालवली. काही नाही. "ताई, पोरगी माहेरी आली की खुशीत असते, तसं झालंय. घरी काय त्रास देता हिला?" तो म्हणाला. मला हसू आलं नाही.

रविवारी सकाळी पुन्हा बसले. आई धुणं घेऊन नळावर गेली होती. काम छान चालू होतं, पीस जवळजवळ पुरं झालं. आई आली, हात पुसले, आणि जाता जाता तिनं पेटीवर चादरीचं कव्हर ओढलं. थोड्या वेळानं स्क्रीन काळी.

मी कव्हरवर हात ठेवला. नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडासारखं गरम.

आमच्या घरात झाकलेली नाही अशी वस्तू नाही. टीव्हीला टॉवेल, मिक्सरला टॉवेल, ट्रंकेवर चादर. पेटी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आईनं विणीत खोट निघालेल्या जाड चादरीचं कव्हर शिवलं होतं, वरून, पुढून, मागून सगळं झाकणारं, फक्त वायरींपुरती फट ठेवून. मी बंद करून उठले की घालायची, आणि मी बसलेली असतानाही, लव जाईल म्हणून, मागून हळूच ओढायची. मला ते दिसत होतं आणि दिसत नव्हतं. कॉम्प्युटरला हवा लागते हे मी परीक्षेत लिहून आले होते.

"आई, अगं हिचा जीव गुदमरतोय."

"म्हंजे मीच बंद पाडत होते व्हय?" आईचा चेहरा एवढासा झाला.

"तू कशाला? उन्हाळ्यात चादर कोणाला सोसती?"

तेव्हा कुठं ती हसली. कव्हर काढून तिनं घडी घातली. "आता तू बंद करून उठलीस की मगच." एवढ्यावर ती थांबली नाही. वडिलांना हाक मारून दोघांनी तिची शिलाई मशीन पंख्याखालून उचलली आणि बाहेर दारात मांडली, म्हणजे तिच्या टॉवेलांची लव माझ्या पेटीकडे येऊ नये. दारात झळ लागते म्हटलं, तर म्हणाली, "तुझं डिझाइन होऊ दे आदी." वडिलांनी माग झाडायचा ब्रश आणला आणि पुढची जाळी स्वच्छ केली.

त्या दिवशी कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. मोराचं पीस झालं, चौकडी झाली. सोमवारी मी पेन ड्राइव्ह घेऊन कारखान्यात गेले. नमुन्याचे टॉवेल विणून निघेपर्यंत आठवडा गेला. मालकांनी टॉवेल उजेडात धरला, माझ्या मोबाइलमधल्या डिझाइनशेजारी लावला, आणि म्हणाले, "मरून मरूनच आलाय."

मामाला फोन केला. तो म्हणाला, "बरं झालं. लायटीत नजर फिरली असती तुजी."

दोन्ही डिझाइनं पास झाली. मला कायम केलं. आमच्या घरात आलेला पहिला महिन्याचा ठरलेला पगार माझा आहे, आणि आईची शिलाई मशीन परत पंख्याखाली आली आहे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या स्वतःच्या नव्या पंख्याखाली.